बार्सिलोना: आईबरोबर पाच दिवस आणि एक जुनं हॉस्पिटल

गेल्या ऑक्टोबरात मी आणि आई पाच दिवस बार्सिलोनाला जाऊन आलो. आई ६८ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, अंडंही खात नाही, आणि ३१ वर्षं मुंबईत म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर होती. हे आधीच सांगते कारण आमची अख्खी ट्रिप ह्याच हिशोबाने झाली. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी बुकिंग. सग्रादा फॅमिलिया ह्या प्रसिद्ध चर्चचं तिकीट ऑनलाइनच काढायचं, त्यावर वेळ ठरलेली असते, तिथे गेल्यावर बघू म्हणाल तर बाहेरूनच बघून यावं लागेल. विमानाचं झालं की पुढचं काम हेच करा. आणि वेळ निवडताना सूर्याचा विचार करा प्लीज, कारण पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेकडच्या लाल-केशरी, म्हणजे सकाळी गेलात तर आत पाण्याखाली असल्यासारखं वाटतं आणि दुपार कलल्यावर सगळं केशरी होत जातं. आम्ही चारचा स्लॉट घेतला होता. आत खांब झाडासारखे आहेत, वर जाऊन त्यांना फांद्या फुटतात, आणि साडेपाचच्या सुमारास ऊन त्या काचांतून आत आलं आणि एकेक खांब रंगत गेला. आई बाकावर बसली ती अर्धा तास उठली नाही, मीही उठवलं नाही. टॉवरचं तिकीट वेगळं असतं, पण लिफ्ट फक्त वर नेते, खाली गोल जिन्याने उतरायचं असतं, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असेल तर टॉवर सोडून द्या, आत खूप आहे बघायला. खांदे झाकलेले हवेत. ऑडिओ गाइड फोनवर चालतो, त्यामुळे स्वतःचे इअरफोन घेऊन जा.

ह्या चर्चचा पाया १८८२ मध्ये घातला, पुढच्याच वर्षी काम गाऊदी ह्या आर्किटेक्टकडे आलं आणि तो शेवटपर्यंत ह्यातच राहिला. मधला टॉवर १७२.५ मीटरचा, मुद्दाम शहरातल्या मोन्ज्युइक टेकडीपेक्षा थोडा कमी ठेवलेला, कारण माणसाने बांधलेलं देवाने घडवलेल्यापेक्षा उंच नसावं असं गाऊदीचं म्हणणं होतं. जून १९२६ मध्ये त्याला ट्रॅमने उडवलं. कपडे इतके साधे की लोकांना तो भिकारी वाटला, गरिबांच्या हॉस्पिटलात नेलं, आणि तीन दिवसांनी तो गेला. हे ऐकल्यावर आईने लगेच विचारलं, कुठलं गं हॉस्पिटल? मलाही तेव्हा नीट माहीत नव्हतं. ते रावाल भागातलं सांता क्रेऊ नावाचं मध्ययुगातलं हॉस्पिटल होतं, आणि त्याचीच नवी जागा म्हणजे सांत पाऊ, जी सग्रादा फॅमिलियापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. माझ्या लिस्टमध्ये ती नव्हतीच. आईमुळे दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो.

आणि मनापासून सांगते, बार्सिलोनात एकच तिकीट काढायचे पैसे असतील तर मी आता सांत पाऊचं काढेन. पाऊ गिल नावाच्या बँकरने मृत्युपत्रात ह्यासाठी पैसे ठेवले होते, म्हणून हे नाव. आर्किटेक्ट लुईस दोमेनेक इ मुंतानेर. १९०२ ला काम सुरू झालं, १९२३ मध्ये तो वारला, मग त्याच्या मुलाने पुरं केलं, उद्घाटन १९३० ला. ह्या भागातले रस्ते चौकटीत आखलेत आणि हे हॉस्पिटल त्या चौकटीला मुद्दाम तिरकं बसवलंय. एक मोठी इमारत न बांधता बागेत वेगवेगळे पॅव्हेलियन, प्रत्येकाला भरपूर खिडक्या, छताला, भिंतींना रंगीत टाइल्स, आणि हे सगळे पॅव्हेलियन जमिनीखालून बोगद्यांनी जोडलेले, पेशंट न्यायला. त्या बोगद्यात आई थांबली. म्हणाली, "आमच्याकडे पावसात ह्या बिल्डिंगमधून त्या बिल्डिंगमध्ये पेशंट न्यायचा तर वॉर्डबॉय ट्रॉली ढकलायचा आणि मी वरून छत्री धरायचे. पेशंट कोरडा राहायचा, आम्ही दोघं भिजायचो." हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

सान राफेल पॅव्हेलियनमध्ये जुना वॉर्ड कसा होता ते दाखवलंय. मी वर छताकडे बघत होते आणि आई खिडक्यांकडे, दोन खाटांमधल्या अंतराकडे बघत होती. भिंतीच्या टाइल्सवरून हात फिरवून म्हणाली, "शोभेला नाहीत नुसत्या, पुसायला सोप्या म्हणून आहेत." खरंच आहे ते, स्वच्छता आणि सौंदर्य दोन्ही एकाच टाइलने साधलंय, आजारी माणसाला चांगलं काहीतरी दिसलं पाहिजे हा दोमेनेकचा हट्टच होता. २००९ पर्यंत इथे पेशंट होते, आता हॉस्पिटल शेजारच्या नव्या इमारतीत आहे. आम्ही तासभर म्हणून गेलो आणि तीन तासांनी निघालो. गर्दी सग्रादापेक्षा खूपच कमी, बागेत बसायला बाकं आहेत, वयस्कर माणसांना अगदी सोयीचं. ह्याच आर्किटेक्टचा पलाऊ दे ला मुझिका हा कॉन्सर्ट हॉलही बघा, छतातून काचेचा मोठा थेंब खाली लोंबतोय असं वाटतं, १९०८ चा आहे. जमलं तर नुसती टूर न घेता संध्याकाळच्या कार्यक्रमाचं तिकीट काढा.

गाऊदीचाच पार्क ग्वेल चढावर आहे. मेट्रोने गेलात तर पुढे बरीच चढण आहे, म्हणून आम्ही टॅक्सी करून वरच्या कार्रेतेरा देल कार्मेलच्या गेटला उतरलो आणि उतरत खाली आलो, हा निर्णय फार बरोबर ठरला. श्रीमंतांची कॉलनी करायची म्हणून १९०० मध्ये हे सुरू झालं, प्लॉट फारसे विकलेच गेले नाहीत आणि शेवटी बाग झाली. ती नागमोडी बाकं बघून आई म्हणाली, "अगं हे तर आपल्या गच्चीवरचं चायना मोझॅक!" आणि आहेच की, फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले, तिकडे त्याला त्रेन्कादीस म्हणतात. बाकाचं काम गाऊदीबरोबरच्या जुजोल नावाच्या आर्किटेक्टचं. त्या बाकांच्या मधल्या मैदानावर पडलेलं पावसाचं पाणी गाळून, खालच्या ८६ खांबांमधून टाकीत साठतं हे कळल्यावर तर मला ती जागा दुप्पट आवडली.

कासा बात्लो आणि ला पेद्रेरा ह्या गाऊदीच्या दोन इमारती, दोन्हीची तिकिटं महाग आहेत. आम्ही फक्त बात्लो आतून बघितलं, पेद्रेरा समोरच्या फुटपाथवरून. संध्याकाळी पासेच दे ग्रासियावर नुसतं चाललात तरी दोन्ही बाहेरून मस्त दिसतात, आणि खाली बघायला विसरू नका, फुटपाथवरच्या षटकोनी फरशांचं डिझाइनही गाऊदीचं आहे.

जुन्या भागात सांता मारिया देल मार ह्या चर्चमध्ये नक्की जा. १३२९ ते १३८३, म्हणजे फक्त ५४ वर्षांत पुरं झालेलं, आणि मोन्ज्युइकच्या खाणीतले दगड बंदरावरच्या हमालांनी पाठीवरून वाहून आणले. मुख्य दारावर ओझं घेतलेल्या हमालांच्या छोट्या मूर्ती आहेत. माथाडींना देवळाच्या दारावर जागा मिळालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता बाकीचं पटापट. मेट्रो-बससाठी टी-काझुआल कार्ड घ्या, दहा प्रवास, पण एका कार्डावर एकच माणूस, त्यामुळे दोघांना दोन लागतात, आणि एअरपोर्टच्या मेट्रो स्टेशनला ते चालत नाही. आम्ही एअरोबसने थेट प्लासा कातालुन्याला आलो. पाकीटमार हा खराखुरा त्रास आहे. मेट्रोचं दार बंद होताना आईच्या पर्समध्ये कोणाचा तरी हात गेला, शेजारची बाई ओरडली म्हणून वाचलो. पासपोर्ट हॉटेलात ठेवून फोटोकॉपी जवळ ठेवा, पर्स पोटावर, आणि रांब्ला ह्या गर्दीच्या रस्त्यावर फोन हातात धरून रेंगाळू नका.

शाकाहारी लोकांनी नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नका. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन जामोन" (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं तिन्ही सांगा, कारण सॅलडमध्ये ट्यूना आणि भाजीत हॅमचे तुकडे सहज येतात. तोर्तिया म्हणजे अंडं, ते लक्षात ठेवा. आईचं पोट भरलं ते पा आम तुमाकेतवर, म्हणजे पावावर टोमॅटो चोळून ऑलिव्ह ऑइल, आणि एस्कालिवादावर, भाजलेली वांगी आणि सिमला मिरची, आपल्या भरिताच्या जवळचं. रात्रीची जेवणं साडेआठ-नऊनंतर सुरू होतात, आईला सातला भूक लागायची, म्हणून आम्ही दुपारचं जेवण भरपूर करायचो आणि रात्री खोलीवर दही-भात-मेतकूट. किचन असलेली खोली घेतली होती, तांदूळ आणि दही रावालमधल्या पाकिस्तानी दुकानातून, मेतकूट घरून.

शेवटच्या दिवशी सकाळ रिकामी होती, मी समुद्रावर जाऊ म्हटलं. आई म्हणाली, समुद्र काय मुंबईत आहे, मला ते हॉस्पिटल परत एकदा बघू दे. पुन्हा तिकीट काढलं आणि गेलो.