स्विंग लाँच, आवृत्ती ४: टॉप हॅट ३६ वरून ३२ मीटरवर

जागा १८० बाय ६० मीटर, उंचीची मर्यादा ४५ मीटर. एवढ्या तुकड्यात कोणती नवी रोलर कोस्टर राइड बसेल, या प्रश्नावर चाललेल्या आराखड्याची ही चौथी आवृत्ती. नवीन राइडची कुणकुण लागली की चर्चा लगेच 'सर्वांत उंच' आणि 'सर्वांत वेगवान' यांवर जाते. पण जागेची लांबी आधी बोलते. पहिला निर्णय तिनेच करून टाकला: साखळीची चढण नको, लाँच (ट्रॅकवरच्या मोटरने ट्रेनला वेग देणे) हवा, आणि तोही एका दमात नको.

एका दमाचा हिशेब असा. ट्रेन ५ डब्यांची, २० आसनांची, भरलेली असताना १० टन, लांबी १२ मीटर. वेग हवा २८ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. स्टेटरची, म्हणजे ट्रेनखालच्या चुंबकांना ढकलणाऱ्या ट्रॅकवरच्या विद्युत-गुंडाळ्यांची, पट्टी ५० मीटर धरली तर त्वरण ७.८४ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ०.८ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.८ पट), आणि वेळ साडेतीन सेकंद. अनुभव म्हणून उत्तम. २००९ मध्ये युरोपा-पार्कमधल्या ब्लू फायर या कोस्टरने २.५ सेकंदांत ताशी १०० किलोमीटर गाठून दाखवलेच. पण बल लागते ७८ किलोन्यूटन आणि पट्टीच्या शेवटी शक्ती लागते २.२ मेगावॅट. तेवढ्या क्षमतेची वीजयंत्रणा प्रत्येक ट्रेनमागे फक्त साडेतीन सेकंदांसाठी बाळगायची.

स्विंग लाँचमध्ये तीच पट्टी तीनदा वापरली जाते: पुढे, मागे, पुन्हा पुढे. ऊर्जा तीन हप्त्यांत भरली की त्वरण २.६१ वर येते आणि कमाल शक्ती साधारण ७३० किलोवॅटवर. जागेत भर पडते ती मागच्या उभ्या स्पाइकची, म्हणजे वर जाऊन तिथेच संपणाऱ्या ट्रॅकची, आणि तो जमिनीवर फारसा पसरत नाही. २०२२ मधली पँथियन आणि २०२३ मधली तुतातीस या राइड याच वाटेने गेल्या. १८० मीटरच्या जागेला हे उत्तर शोभते.

स्टेटर ५० नव्हे, ५२ मीटर

दुसऱ्या आवृत्तीत तिन्ही फेऱ्यांत सारखीच ऊर्जा मिळते असे धरले होते: वेग आधी १६.२, मग २२.९, मग २८. सिम्युलेटरमध्ये शेवटचा वेग मात्र २७.४ वरच अडकत होता. घर्षण शून्य केले तरी तेच. कारण साधे आहे, पण सहज निसटते. ट्रेनखालचे चुंबक १२ मीटर लांबीवर पसरलेले असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीत ट्रेन पट्टीवर बाहेरून येते, पूर्ण पट्टी ओलांडते, आणि काम होते बल गुणिले ५० मीटर. पहिल्या फेरीत मात्र ती पट्टीवरच उभी असते. आत शिरतानाचा भाग तिला मिळतच नाही, म्हणून अर्धी ट्रेन-लांबी, म्हणजे ६ मीटर, वजा होते. एकूण १५० ऐवजी १४४ मीटर.

पट्टी ५२ मीटर केली की ४६ + ५२ + ५२ = १५०, आणि हिशेब जुळतो. आताचे आकडे: पहिल्या फेरीनंतर १५.५ मीटर प्रति सेकंद आणि ट्रेनचा मध्य १२.२ मीटर उंच, दुसरीनंतर २२.६ आणि मागच्या स्पाइकवर २६ मीटर; तिसरीनंतर २८. स्पाइकचा ट्रॅक मात्र २६ मीटरवर संपवून चालत नाही. उभ्या ट्रॅकवर ट्रेनचे टोक मध्यापेक्षा ६ मीटर वर असते, त्यावर राखीव अंतर हवे. ट्रॅक ३५ मीटरपर्यंत नेला आहे. बांधकामाच्या फोटोंत स्पाइकची उंची पाहून थेट वेग काढणारे इथेच चुकतात. ट्रॅकच्या टोकातून अर्धी ट्रेन आणि राखीव भाग वजा केल्याशिवाय तो आकडा वापरू नये.

टॉप हॅट का उतरवली

या आवृत्तीतला मोठा बदल हाच. ३६ मीटरची टॉप हॅट (उभी चढण, अरुंद माथा आणि उभा उतार असलेली टेकडी) कागदावर देखणी होती. माथ्यावर वेग ८.८ मीटर प्रति सेकंद, माथ्याची त्रिज्या ८ मीटर, म्हणजे जवळजवळ शून्य जी, अगदी तरंगत पलीकडे. पण माथ्याजवळ ऊर्जेची शिल्लक फार थोडी उरते, आणि लहानशी तूटही तिथे मोठी होऊन बसते. लाँचची ऊर्जा ५ टक्के घटली की माथ्यावरचा वेग ८.८ वरून ६.२ वर येतो. १० टक्के घटली की ट्रेन माथा ओलांडतच नाही, मागे येते. आणि १० टक्के ऊर्जा म्हणजे वेगात फक्त ५ टक्के: २८ च्या जागी २६.६. समोरून वारा, थंडीत ताठरलेले वंगण, एखादा स्टेटर बंद, असे दोन-तीन घटक एकत्र आले की एवढी तूट अशक्य नाही. खऱ्या राइडवर नियंत्रक फेरीगणिक वेग मोजून पुढच्या फेरीत बल वाढवतो, पण शेवटच्या फेरीतली तूट भरायला पुढची फेरी नसते.

३२ मीटरवर आणल्यावर माथ्यावर नेहमीचा वेग १२.५ आणि १० टक्के तुटीतही ८.८. आता प्रश्न त्रिज्येचा. ८ मीटर तशीच ठेवली तर १२.५ ला उणे १ जी येतो, तोही माथ्याच्या पूर्ण कमानीवर टिकणारा. हे नको. ११ मीटरला चांगल्या दिवशी उणे ०.४५ आणि वाईट दिवशी अधिक ०.३. तीच ठेवली.

उंची कमी केली की राइड मिळमिळीत होते, हा समज सोडायला हवा. एअरटाइम, म्हणजे आसनातून उचलले जाणे, ठरतो वेगाचा वर्ग आणि माथ्याची त्रिज्या यांच्या गुणोत्तरावरून. ४ मीटर सोडून देऊन ही टॉप हॅट तरंगण्यावरून आसनातून उचलण्यावर आली. मला ती आधीपेक्षा नक्कीच सरस वाटते.

तपासताना ट्रेनचा फक्त मधला डबा पाहू नका. पुढच्या ओळीला उचल मिळते ती माथ्याच्या आधी, चढावर, कारण तेव्हा ट्रेनचा बराच भाग खाली आणि वेग जास्त असतो. मागच्या ओळीला ती माथ्यानंतर, उतारावर, ओढली जाताना मिळते. आलेख तीन ओळींसाठी वेगवेगळा काढला तरच कुठे सैल करायचे आणि कुठे आवळायचे ते कळते.

मागे आलेली ट्रेन

स्विंग लाँचवर ट्रेन मागे येणे तसे रोजचेच, म्हणून याकडे दुर्लक्ष होते. पण तिसऱ्या फेरीनंतर टॉप हॅटच्या माथ्याजवळून परतलेली ट्रेन ३२ मीटरची ऊर्जा घेऊन येते, आणि मागचा स्पाइक २६ मीटरच्या ऊर्जेसाठी आखलेला आहे. मधल्या ६ मीटरचा हिशेब सुमारे ५९० किलोज्यूल. तो पट्टीवरच संपला पाहिजे. टॉप थ्रिल ड्रॅगस्टर आणि किंगडा का या लाँच कोस्टरवर लाँचच्या वेळी खाली जाणारे आणि नंतर वर येणारे ब्रेकचे पट्टे होते, तेच तत्त्व इथे घेतले. फरक एवढाच की इथे ते तिन्ही फेऱ्यांत खाली राहतात आणि तिसरी संपताच वर येतात. त्यांना वर ढकलणारे बल नेहमी हजर आणि खाली धरून ठेवायला वीज लागेल, अशी रचना हवी. वीज गेली की पट्टे आपोआप वर.

चुंबकी ब्रेकबद्दल नवख्यांसाठी एक गोष्ट: तो ट्रेन धरून ठेवू शकत नाही. भोवरा-प्रवाहाचा रोध वेगावर अवलंबून असतो; वेग शून्याकडे गेला की रोधही शून्याकडे. म्हणून शेवटच्या ब्रेकनंतर चिमट्याचा ब्रेक किंवा फिरणारे टायर लागतातच. सिम्युलेटरमध्ये हे विसरले की ट्रेन हळूहळू सरकत पुढच्या ब्लॉकमध्ये (एका वेळी एकच ट्रेन असू शकेल अशा ट्रॅकच्या टप्प्यात) शिरते आणि सगळे अडकते.

पुढचा मार्ग

टॉप हॅटच्या पायथ्याशी ४ जी च्या वर जायचे नाही, तर २८ च्या वेगाला त्रिज्या २६.६ मीटर हवी. तीही एकदम सुरू करायची नाही. सरळ मार्गापासून वक्रता हळूहळू वाढत गेली पाहिजे, नाहीतर मान झटका खाते. लूपचा इतिहास हेच सांगतो. शुद्ध वर्तुळाच्या लूपमध्ये माथा जेमतेम ओलांडण्याच्या वेगालाही तळाशी ६ जी येतो. १९७६ च्या रेव्होल्यूशन या कोस्टरवर वेर्नर श्टेंगेल आणि अँटोन श्वार्त्सकॉफ यांनी थेंबाच्या आकाराचा लूप आणला, तेव्हा उभा लूप रोजच्या वापरात टिकला.

जागेची रुंदी ६० मीटर, म्हणून दूरच्या टोकाचे वळण २० मीटर त्रिज्येचे. २४ च्या वेगाला त्यासाठी ७१ अंशांचा कल लागतो आणि आसनावर ३.१ जी येतो. वळणाला ४० मीटर गेले, उरलेल्या २० मध्ये परतीचा ट्रॅक, आधार आणि प्रवाशाचे हात-पाय पूर्ण ताणले तरी काही लागू नये एवढी मोकळी जागा. इथे दाटी आहे. दोन आधार दुसऱ्यांदा हलवले.

झिरो-जी रोल, म्हणजे वजन नाहीसे झाल्यासारखे वाटत ट्रेनने घेतलेला पूर्ण फेरा, अजून पक्का नाही. फिरण्याचा अक्ष रुळावरून १.१ मीटर वर, प्रवाशाच्या छातीजवळ ठेवला आहे. अक्ष रुळातच ठेवून २.५ सेकंदांत पूर्ण फेरा घेतला तर छातीवर ०.७ जी जादा येतो, आसनातून बाहेर फेकणारा. 'झिरो-जी' हे नाव तिथे खोटे ठरते. आणि तपासताना फक्त शिखरावरचा आकडा पाहणे पुरेसे नाही. एएसटीएम एफ २२९१ आणि ईएन १३८१४ या राइडच्या दोन्ही मानकांत मर्यादा कालावधीशी बांधलेल्या आहेत; क्षणभर चालणारा जी दोन सेकंद चालतोच असे नाही.

खऱ्या जागेवर काय वाचायचे

हा हिशेब हाताशी असला की बांधकामाचे फोटोही वेगळे दिसू लागतात. एका सरळ रेषेत, जवळजवळ, सारख्या अंतरावरचे लहान पाये दिसले तर लाँच किंवा ब्रेक. दोन्हींत फरक करायचा तो उतारावरून: ब्रेकचा भाग सहसा किंचित उतरता असतो, म्हणजे थांबलेली ट्रेन सोडल्यावर आपणहून पुढे जाते. लाँच बहुधा सपाट. त्या रेषेच्या एका टोकाला एकाच ठिकाणी दाट बोल्टांचा अवजड पाया असेल आणि त्यापलीकडे जागाच संपत असेल, तर मागचा स्पाइक. अशा वेळी स्विंग लाँचवर पैज लावायला हरकत नाही. जवळ नवीन ट्रान्सफॉर्मरची इमारत उठत असेल तर आणखी एक पुरावा.

ट्रॅकचे तुकडे आले की निर्मात्याचा प्रश्न बराचसा सुटतो. रुळांखाली चौकोनी पेटीसारखा कणा म्हणजे बोलिगर अँड माबिलार्ड. रुळच आडव्या पट्ट्यांचे, पोलादी पेटीसारखे दिसले तर रॉकी माउंटन. पण निर्माता कळला म्हणून राइडचा प्रकार कळला असे होत नाही: 'बोलिगर म्हणजे साखळी' हे समीकरण २०१५ मध्ये त्यांच्या थंडरबर्डनेही एलएसएम (स्टेटर आणि चुंबकांची सरळ रेषेतली मोटर) लाँच वापरून मोडले. दोन रुळांच्या मधोमध बसवलेले कंस पाहा. ट्रेनमध्ये चुंबक की ट्रॅकवर, ते त्यावरून उलगडते.

सर्वांत फसवा पुरावा परवानगीच्या कागदातली उंची. तो आकडा बऱ्याचदा कमाल मर्यादा असतो. त्यात सजावटीचा मनोरा किंवा दिव्याचा खांबही येऊ शकतो. नोंदवलेल्या नावावरून तर्क बांधणे त्याहून वाईट, आणि मातीच्या चाचणीवरून 'नवीन कोस्टर नक्की' म्हणणे तर नकोच.

अजून अडलेले

क्षमता. स्विंगला साधारण २४ सेकंद लागतात, एका दमाच्या लाँचला साडेतीन. ट्रेन सुटण्याचे अंतर ५० सेकंदांवरून ७० वर जाते, आणि तासाला १४४० प्रवासी होते ते १०३० च्या आत येतात. सध्या ब्लॉक ४ आहेत, म्हणजे ट्रेन जास्तीत जास्त ३. पण तिसरी स्टेशनमागे नुसती थांबून राहते, तिचा उपयोग होत नाही. पाचव्या आवृत्तीत स्टेशन बाजूला घेऊन सरकता ट्रॅक लावून पाहायचा आहे. म्हणजे एक ट्रेन झुलत असताना दुसरीत माणसे बसतील आणि स्पाइक रिकामा होताच ती पट्टीवर येईल. सरकता ट्रॅक जागेवर बसून कुलूपबंद होईपर्यंत लाँच सुटू नये, यासाठी ६ सेकंद धरले आहेत. तेवढ्यात अंतर ६० सेकंदांवर आले तर १२०० मिळतात. ज्यांनी सरकत्या ट्रॅकचे ब्लॉक-तर्क आधी लिहिले आहे, त्यांनी हे ६ सेकंद पुरेसे आहेत का ते जरूर कळवावे.