दुधाविना चीजकेक आणि भोपळ्याचा चक्का

आमच्या ग्रुपचं थँक्सगिव्हिंग खऱ्या थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी असतं. नोव्हेंबरातला चौथा गुरुवार ज्याने त्याने हवा तसा घालवावा, पण आदला शनिवार न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या घरी. टर्कीच्या जागी मसालेभात, क्रॅनबेरीचं मोहरीची डाळ घातलेलं लोणचं (हसू नका, कैरीच्या तोंडात मारेल असं होतं), आणि गोडाला माझा पम्पकिन चीजकेक. एरवी स्वयंपाकघरात मला कोणी विचारत नाही. चीजकेक मात्र माझा, हे सहा वर्षांपासून ठरलेलं.

यंदा ग्रुपमध्ये एक नवीन कुटुंब आलं. त्यांच्या चार वर्षांच्या धाकट्याला दुधाची ॲलर्जी आहे. कोजागरीला ते पहिल्यांदा आमच्याकडे आले होते. सगळी पोरं मसाला दुधाचे पेले घेऊन मागच्या डेकवर हिंडत होती आणि हा घरात, जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, मांडीवर आपला डबा घेऊन बसलेला. कोणाचा पेला त्याच्या अंगावर सांडू नये म्हणून त्याच्या आईने त्याला तिथे बसवलं होतं. तो रडत वगैरे नव्हता. सवय झालेली होती, आणि मला तेच बघवेना.

त्या रात्री भांडी आवरताना बायकोला म्हटलं, यंदा चीजकेक त्यालाही चालेल असा करतो. ती म्हणाली, "चीजकेकमधून चीज काढलं तर उरतं काय?"

पहिली चूक दुकानातच केली. लॅक्टोज-फ्री क्रीम चीजचा डबा दिसला, घेतला, फोटो काढून त्या मुलाच्या आईला, म्हणजे आमच्या नव्या वहिनींना, अभिमानाने पाठवला. त्यांचं उत्तर पाच मिनिटांत आलं, आणि फार सौम्य होतं. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती ज्यांना पचत नाही त्यांचं पोट बिघडतं. त्यांच्या मुलाचं शरीर दुधातल्या प्रथिनांवर उसळतं, आणि ती प्रथिनं लॅक्टोज-फ्री डब्यात सगळी जशीच्या तशी असतात. म्हणून तर त्यांच्या पर्समध्ये ॲलर्जीचा झटका आला तर द्यायचं इंजेक्शनचं पेन सतत असतं. मी डबा परत करून आलो.

मग मी लेबलं वाचायला शिकलो. अमेरिकेत २००४ चा एक कायदा आहे, त्यामुळे पाकिटावर दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुकामेवा, मासे आणि कोळंबी-खेकड्यांसारखे जीव यांचा उल्लेख स्पष्ट करावाच लागतो. २०२३ पासून त्यात तीळही आले. पण पुढच्या बाजूला ठळक छापलेल्या शब्दांवर जाऊ नका. 'नॉन-डेअरी' लिहिलेल्या एका क्रीमच्या डब्यामागे बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट होतं, म्हणजे दुधाचंच प्रथिन. आणि तेही नियमात बसतं! तेव्हापासून मी डबा उलटा धरूनच वाचायला सुरुवात करतो. उलट, अंडी इथे दुकानात दुधाच्या कपाटाशेजारी असतात म्हणून काही लोक ती 'डेअरी'त धरतात. दुधाच्या ॲलर्जीशी त्यांचा काही संबंध नाही. तरी अंडी मी गाळलीच, कारण आमच्यातली दोन घरं अंडं खात नाहीत. काजूबद्दल वहिनींना आधी विचारलं. काजू, नारळ, गहू, सगळं चालतं म्हणाल्या. हे न विचारता काजू भिजत घातले असते तर एकाची ॲलर्जी टाळताना दुसरीत पाय टाकायची सोय होती.

पहिला प्रयोग हॅलोविनच्या दुसऱ्या दिवशी. दारात मांडलेला, न कोरलेला एक भलाथोरला केशरी भोपळा उरला होता. म्हटलं, फुकट कशाला घालवा. भाजला, गर काढला. नुसता चोथा आणि पाणी. चवीला ओल्या पुठ्ठ्यासारखा. हे भोपळे कोरून आत दिवा लावायलाच पिकवतात. डब्यातला पम्पकिन प्युरे निराळ्या जातीचा. त्यातला बराचसा इलिनॉयमध्ये होतो, भोपळा बाहेरून केशरी नसून फिकट मातकट रंगाचा असतो, आणि गंमत म्हणजे वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने तो दारातल्या केशरी भोपळ्यापेक्षा आपल्या मंडईतल्या तांबड्या भोपळ्याला जवळचा. घारग्यांचा भोपळा, थोडक्यात. त्याच प्रयोगात मी दुकानातलं वनस्पतीजन्य क्रीम चीज वापरलं होतं. भट्टीत त्याचं तेल सुटलं आणि साच्याच्या फटीतून गळून खालच्या तव्यावर धूर झाला. स्मोक अलार्म, उघड्या खिडक्या, बाहेर चार अंश तापमान. पुढे लिहीत नाही.

दुसऱ्या प्रयोगात ४२५ ग्रॅमचा प्युरेचा डबा आणला. शेजारी अगदी तसाच दिसणारा 'पाय मिक्स'चा डबा असतो, त्यात साखर-मसाला आधीच असतो, तो नको. ओक ट्री रोडवरून, म्हणजे इथल्या भारतीय दुकानांच्या रस्त्यावरून, काजू तुकडा आणला. अख्खे काजू घेऊन वाटायचे असतील तर आपल्यासारखे आपणच. तीनशे ग्रॅम तुकडा उकळत्या पाण्यात तासभर भिजवला, नारळाच्या डब्यातलं घट्ट क्रीम घालून वाटला, भोपळा मिसळला, भाजला. दिसायला देखणा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी कापला तर मध्यभागी शिरा. आणि चव गोड, मऊ, भोपळ्याची, पण चीजकेकची नव्हे. आंबटपणाच नव्हता. लिंबू पिळून बघितलं तर लिंबू पिळलेला भोपळा झाला.

रात्री नऊला आईला व्हिडिओ कॉल केला. तिकडे सकाळचे साडेसात, तिचा चहा चालू. आधी म्हणाली, "अरे, लोणी नको तर साजूक तूप घाल की. तुपात कुठे दूध असतं?" असतं, आई. तूप कितीही कढवलं तरी प्रथिनाचा अंश राहू शकतो, आणि या पोराला अंशही नको. हे तिला पटलं नाही, पण पुढचं ऐकून घेतलं. मी ताटली कॅमेऱ्यासमोर धरली. तिने चष्मा लावला, बघितलं आणि म्हणाली, "पाणी आहे रे त्यात. टांगून ठेव. चक्क्याला नाही का टांगत?"

इतकं सोपं होतं. चीजकेक म्हणजे आंबूस, घट्ट, पाणी काढलेलं काहीतरी, आणि मी लहानपणापासून श्रीखंड खात आलेला माणूस.

तिसऱ्या खेपेला डबाभर भोपळा धुतलेल्या पंचात बांधला, पुरचुंडी लाकडी डावाला अडकवून खोल पातेल्यात लोंबकळत फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी पातेल्यात पाऊण वाटी केशरी पाणी. पंचातला गोळा बोटाने दाबला तर ठसा तसाच राहिला. तेवढ्यावर न थांबता तो जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर दहा मिनिटं परतला, त्यातच दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंगेची चिमूट. पम्पकिन स्पाइस म्हणून जे विकतात ते एवढंच, त्यात भोपळा नसतो. कडेने सुटायला लागला तसा रंग विटकरी झाला आणि घरभर वास सुटला. वेलदोडा मुद्दाम घातला नाही. वेलदोडा पडला की जिभेला हलवाच आठवतो, मग कोणी काहीही म्हणो.

आंबटपणासाठी आजीची युक्ती वापरली. घरातलं विरजण संपलं की ती कोमट दुधात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकायची. इथे नेहमीचं विरजण चालणार नव्हतंच, तेही दुधाचंच. म्हणून काजू अगदी कमी पाण्यात गंधासारखे वाटले, पेस्ट कोमट असताना आठ देठ खुपसले, आणि घरात गारठा म्हणून भांडं बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून, रात्रभर ठेवलं. दारावर चिठ्ठी चिकटवली: 'ओव्हन लावू नये'. सकाळी देठ मोजून काढले. सात सापडले, आठवा शोधायला पंधरा मिनिटं गेली. पेस्टला हलका आंबूस वास होता. दह्याइतका नाही, पण दिशा बरोबर. वरून दोन चमचे लिंबाचा रस घातला तेव्हा तो आधीसारखा वेगळा पडला नाही, त्यात मुरला.

भांड्यांचंही सांगायला हवं, कारण वहिनींनी ते विचारलं होतं. माझ्या कडीच्या साच्याच्या खाचेत सहा वर्षांचं लोणी होतं. टूथपिकने काढायला बसलो तेव्हा खरोखर तपकिरी भुकटी निघाली. शेवटी नवा साचा आणि नवा रबरी चमचा घेतला. मिक्सरचं भांडं, ज्यात उन्हाळाभर लस्सी झाली होती, झाकणाची रबरी रिंग काढून गरम पाण्याने दोनदा धुतलं. मिक्सर भारतातून आणलेला, ट्रान्सफॉर्मरवर चालणारा. त्याला विश्रांती देत देत वाटावं लागतं, नाहीतर जळका वास येतो.

बाकीचं पटकन. तळाला दोनशे ग्रॅम आल्याची बिस्किटं, लेबल वाचून, पाच चमचे वितळलेल्या खोबरेल तेलात कालवून दाबली. पार्ले-जीचा मोह झाला होता, पण त्यात दूध असतं. वरचं मिश्रण म्हणजे काजू, भोपळा, वाटीभर नारळाचं घट्ट क्रीम, पाऊण वाटी ब्राऊन शुगर, मीठ आणि तीन चमचे कॉर्नस्टार्च, कारण अंडं नसताना धरून ठेवायला काहीतरी हवं. ३२५ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १६३ सेल्सिअसला, पंचावन्न मिनिटं. कडा घट्ट दिसल्या आणि मधला तळहाताएवढा भाग साचा हलवल्यावर थुलथुलला तेव्हा ओव्हन बंद केलं आणि दार किंचित उघडं ठेवून तासभर हात लावला नाही. पूर्वी एकदा घाईने बाहेर काढला होता आणि वर नर्मदेएवढी भेग पडली होती. मग रात्रभर फ्रिज. ही रात्र टाळता येत नाही, घट्टपणा थंडीतच येतो.

शनिवारी सगळ्या पाकिटांचे तळ आणि लेबलं एका पिशवीत घालून ठेवली होती. वहिनींनी ती खरंच एकेक वाचली, मसाल्याच्या बाटलीसह. मला वाईट वाटलं नाही, उलट परीक्षेत पेपर तपासताना समोर बसल्यासारखं झालं. त्यांनी मान हलवली तेव्हा बाकीची मिठाई टेबलावर यायच्या आत, स्वच्छ सुरी गरम पाण्यात बुडवून पहिला तुकडा त्याचा कापला. बासुंदीतला चमचा चीजकेकमध्ये जायला एक काका पुरतात, आणि आमच्यात असे तीन आहेत.

सुरी तळापर्यंत सरळ गेली. कापलेली बाजू गुळगुळीत, एकही पाझर नाही. माझं लक्ष पोराकडे असायला हवं होतं, पण मी त्या कापलेल्या बाजूकडेच बघत होतो.

तो आज जिन्यावर नव्हता, टेबलाशी बाकीच्यांच्या रांगेत होता. दोन घास खाल्ले, "तिखट आहे," म्हणाला (सुंठ जास्त झाली होती, मान्य), आणि बाकीच्या पोरांमागे तळघरात पळाला. त्याची ताटली वहिनींनी उचलली आणि उभ्या उभ्या सावकाश संपवली. आमच्या काकांपैकी एकाने दुसरी फोड घेताना विचारलं, "फिलाडेल्फिया क्रीम चीज वापरलंस का रे?" मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी वहिनींचा मेसेज आला. धाकटा विचारतोय, वरचा केक नको, पण खालचं बिस्किट थोडं उरलंय का?