पंखा चालू होता

आज सकाळी गणपतीला दोन जास्वंदी लावल्या, एक उजव्या अंगाला एक डाव्या, आणि मनात म्हटलं आता काय ते तूच सांग बाबा, मला झेपत नाही. कौल वगैरे आमच्या या घरात कुणी लावत नाही, माहेरी लावायचे, उजवं पडलं की हो आणि डावं पडलं की नाही, माझं ज्ञान एवढंच. हात जोडून उभी राहिले. आणि खरंच उजवं फूल पडलं की! टप्पकन, ताम्हनात. अंगावर सर्रकन काटा आला, डोळ्यात पाणीबिणी आलं, तिथंच पाटावर बसले. मग मान वर केली तर पंखा चालू. तीनवर.

पुढचं लिहायला लाज वाटतीय, पण इथं नाही लिहायचं तर कुठं. पंखा बंद केला, फूल उचलून परत लावलं आणि परत विचारलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दोन्ही फुलं ढिम्म. तेवढ्यात खाली घंटागाडीचं गाणं सुरू झालं आणि मी ओला-सुका दोन्ही बादल्या घेऊन जिन्यावरून पळाले. देवाला तसंच ताटकळत ठेवून.

दिवसभर तेच डोक्यात. पंख्यानं पडलेलं फूल धरायचं का नाही? पंखा काय देवाच्या राज्याबाहेरचा आहे का, असंही वाटतं. आणि डावं पडलं असतं तर मी वर बघितलं असतं का, का लगेच विश्वास ठेवून मोकळी झाले असते? डोळ्यात पाणी आलं ते कशानं आलं तेही आता आठवत नाही. आनंद नव्हता तो. बहुतेक नव्हता.

शुक्रवारपर्यंत पुण्याला कळवायचंय, जाणार का नाही ते.

हे सगळं वहिनींच्या फोनपासून सुरू झालंय. त्यांना सगळं देव सांगतो. फ्लॅटचं सांगितलं, पोरीच्या स्थळाचं सांगितलं, मला वाटतं फ्रीज कुठल्या रंगाचा घ्यायचा तेही सांगितलं असेल. आणि त्यांचं सगळं बरोबरच येतं, हा अजून एक वैताग. परवा मला म्हणाल्या, "देव बोलतोच गं, तूच ऐकत नाहीस. तुझ्या घरात गोंगाट तरी किती असतो." गोंगाट. फोन ठेवल्यावर मी नुसतं ऐकत उभी राहिले, तर कुकरची तिसरी शिट्टी, बाथरूममध्ये बादली भरून वाहतीय, खालच्यांची पाण्याची मोटर, हॉलमध्ये बातम्या, यांचा मोबाईल टेबलावर थरथरतोय, पोरगं हेडफोन लावून एकटंच ओरडतंय, आणि संध्याकाळ झाली की चौकात ढोलपथकाची प्रॅक्टिस, श्रावण संपत आला ना आता. वहिनींचं खरं होतं हो. पण लागलं. म्हणजे देवानं बोलायचं आणि मी मिक्सर लावून बसलेय म्हणून त्यानं नाद सोडून द्यायचा? वीस वर्षं त्याच्यापुढं दिवा लावतेय, एकदा मोठ्यानं बोलायला काय हरकत आहे त्याला? वहिनींशी बोलतो. माझ्याशी नाही.

म्हणून बुधवारी हरिपूरला संगमावर गेले. सोमवारी संगमेश्वराला गर्दी असते म्हणून मुद्दाम बुधवारी, कामावर अर्धी सुट्टी टाकून. कृष्णा आणि वारणा दोन्ही भरलेल्या, पाणी चहासारखं, घाटाच्या वरच्याच पायऱ्या तेवढ्या मोकळ्या. दोन पोरं रील करत होती ती गेली, एक काका बराच वेळ खाकरत होते तेही गेले. आणि मग खरंच शांत झालं. नुसतं पाणी. मी डोळे मिटून म्हटलं, आता बोल. आणि आतनं एकदम स्पष्ट, शपथ सांगते, अगदी स्पष्ट आवाज आला: दळण राहिलं.

परत येताना हसू पण येत होतं आणि रडू पण.

मावशीच्या गावाजवळच्या वडगावात, मोहित्यांच्या, 2022 पासून रोज संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून. मला लई हेवा वाटायचा. तिथली एक बाई मावशीला म्हणाली होती की भोंगा थांबला की सुरुवातीला बरं वाटायच्या ऐवजी जास्तच त्रास व्हायचा, कारण मग घरातली खरी भांडणं ऐकू यायला लागली. मला ते तेव्हा कळलं नव्हतं.

माझी अडचण गोंगाटाची नाहीच बहुतेक. जो आवाज येतो तो कुणाचा आहे हे कसं ओळखायचं, ही आहे. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं त्या आठवड्यात फोनवर काय काय येत होतं, धरणाचं असं झालं, अमक्या गल्लीत इतकं शिरलं, प्रत्येकाचा मेसेज खात्रीचा. पाणी चढायला लागलं तेव्हा हे सरळ छत्री घेऊन आयर्विन पुलाकडं जायचे आणि तिथले आकडे स्वतः बघून यायचे. 40 ला इशारा, 45 ला धोका. बाकी कोण काय म्हणतंय ते गेलं तेल लावत. तशी पट्टी मला पाहिजे. हा आवाज देवाचा, हा माझ्या भीतीचा, हा नुसता हावरटपणाचा, आणि हा दळणाचा. पुण्याला जा म्हणणारा आवाज पण माझ्याच आवाजात बोलतो आणि जाऊ नको म्हणणारा पण.

औदुंबरची गोष्ट आज सारखी आठवतीय. तो कोल्हापूरचा मंदबुद्धीचा पोरगा, भिलवडीला भुवनेश्वरीपुढं तीन दिवस उपाशी बसला, काही होईना म्हणून जीभच कापून वाहिली. तेव्हा कुठं देवी स्वप्नात आली. आणि आली तर काय म्हणाली, नदीच्या पलीकडं जा, औदुंबराखाली यती बसलेत त्यांचे पाय धर. लहानपणी मला त्या देवीचा राग यायचा. एवढं सगळं करून घेतलं आणि शेवटी दुसऱ्या टेबलावर पाठवलं, ऑफिसात पाठवतात तसं. आता वाटतंय निदान टेबल कुठलं ते तरी सांगितलं त्याला.

असो. आमच्या सांगलीतला गणपती तरी कुठं वाजतगाजत येतो? चतुर्थीच्या आधीच, प्रतिपदेला, देवळात चोर गणपती गुपचूप येऊन बसतो, ना ढोल ना ताशा, गावाला पत्ता नसतो. हे मी जन्मभर ऐकतेय आणि तरी सकाळी फुलानं टप्पकन पडावं म्हणून हात जोडून उभी. वहिनींना हे सांगणार नाही. त्या म्हणतील, बघ, मी म्हटलं नव्हतं?

आत्यांच्या कानाचं मशीन परत डबीत पडलंय. दीड वर्ष झालं घेऊन, घालत नाहीत. त्यांचं म्हणणं, "मशीन घातलं की मिक्सर आधी ऐकू येतो आणि माणूस मागनं. त्यापेक्षा तुझं तोंड बघितलं की कळतंय मला." मी त्यावर चिडते, कारण पैसे गेलेत, आणि कारण मग सगळं ओरडून सांगावं लागतं आणि ओरडून सांगायला लागलं की साधी गोष्ट पण भांडणासारखी वाटते. पुण्याचं त्यांच्याशी अजून बोललेच नाही त्याला मी हेच कारण देत होते. ओरडून कसं सांगायचं.

रात्री भांडी आवरून त्यांच्या खाटेवर टेकले. लाईट गेलेली, त्यामुळं पंखा बंद, टीव्ही बंद, बाहेर ढोल पण थांबलेले. मी गप्पच होते. मेणबत्ती मधे होती आणि त्या माझ्याकडं बघत होत्या, बराच वेळ. मग म्हणाल्या, "मोठ्यानं बोल की जरा. काय पुटपुटतीयेस मघापासनं."

मी तोंड उघडलं नव्हतं.

डबी काढली, मशीनचा सेल बदलला, त्यांच्या कानात बसवलं. दोनदा शिट्टी वाजली. त्यांनी तोंड वाकडं केलं. मग मी पहिल्यापासून सांगायला लागले.