आमची वाटचाल : समोरचं सेंटर आणि आम्ही

2007 साली मिरजेत मी आणि माझ्या मित्रानं मिळून सोनोग्राफी सेंटर टाकलं. सेकंडहँड कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणारं सोनोग्राफी मशीन, अंगावर टेकवायचे दोन प्रोब, एक कॉन्व्हेक्स, एक लिनिअर, आणि भाड्याचे दोन गाळे. तीन वर्षांत मित्र वेगळा झाला, समोरच्याच इमारतीत बसला. नवं मशीन, एसी वेटिंग आणि पेशंट धाडणाऱ्या डॉक्टरांना कट. आम्ही कट कधी दिला नाही. पुढचं काय झालं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

2012 मध्ये आमचं मशीन सील झालं. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या कायद्याखाली भरायच्या फॉर्म एफमधला एक रकाना कोरा राहिला होता. चूक आमचीच, पण मशीन साडेपाच महिने बंद आणि बँकेचे हप्ते चालू. गरोदर बायकांसाठीचा फॉर्म, आणि परत गेले ते किडनीवालेही.

त्यातलेच आमचे मास्तर. थोरल्या बहिणीनं दिलेली किडनी, पुण्यात बसवलेली, डॉपलर मात्र कायम आमच्याकडे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा आकडा, 1.3 वरून 1.9 झालं, म्हणून घाबरून आले. मी त्यांना घेऊन समोर गेलो. हो, समोरच.

बसवलेली किडनी ओटीपोटात उजवीकडे, अगदी कातडीजवळ. मित्रानं प्रोब दाबला, पाठीकडच्या किडनीला दाबतात तसा. मास्तर श्वास कोंडून पडलेले. आरआय, म्हणजे किडनीत रक्ताला किती अडथळा होतो त्याचा आकडा, 0.86! लगेच प्रिंटही काढली. अशा किडनीवर जोर दिला की डायस्टोलिक फ्लो, म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधला प्रवाह, पडतो आणि आकडा फुगतो. म्हटलं, "अरे, हात उचल. जेलवर नुसता टेकव. मास्तर, श्वास सोडा." किडनीच्या आतल्या इंटरलोबर आर्टरीवर तीन जागी घेतलं : 0.68, 0.70, 0.69.

तरी त्याच रात्री त्यांना पुण्याला धाडलं. आरआय चांगला आला म्हणून रिजेक्शन, म्हणजे शरीरानं किडनी नाकारणं, नाही असं होत नाही, आणि वाढला म्हणून आहे असंही नाही. शेवटचा शब्द बायोप्सीचा. नव्या पोरांनो, इलॅस्टोग्राफी, म्हणजे अवयव किती कडक ते मोजणारं तंत्र, खुशाल घ्या, पण रिपोर्ट लिहिण्याआधी पेशंटची जुनी प्रिंट शेजारी ठेवा. आणि जेल कोमट करा, थंड जेल लागलं की माणूस श्वास धरतोच.

बायोप्सीत रिजेक्शन नव्हतं, रिजेक्शन होऊ नये म्हणून द्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल चढलेली निघाली. डोस उतरवला, क्रिएटिनिन 1.4 वर आलं. आमचं सील पुढे कोर्टातून निघालं. मास्तर अजून येतात, जिना चढून.

मित्र हल्ली कॉन्फरन्सात 'हलका हात' शिकवतो. स्लाइडवर 0.86 ची ती प्रिंट असते, 'बाहेरून आलेली केस' म्हणून.