छाननीच्या दिवशी आलेली हरकत

अर्ज भरायची मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला संपली होती. आमच्या शिक्षक संघटनेच्या कार्यकारिणीच्या सात जागा, त्यातली एक गेल्या घटनादुरुस्तीत एलजीबीटीक्यू सभासदांसाठी राखीव झालेली. त्या जागेची ही पहिलीच निवडणूक, आणि दोन अर्ज आले होते. शिक्षक संघटनेच्या निवडणुकीत छाननी म्हणजे तासाभराचं काम असतं. वर्गणी भरली आहे का, सूचक-अनुमोदकांच्या सह्या जुळतात का, अर्ज वेळेत आला का, एवढं तपासायचं. निवडणूक निर्णय अधिकारी म्हणून मी यादीवर खुणा करत होतो, तेवढ्यात साडेअकराला एक बंद पाकीट टेबलावर आलं.

आत दोनच वाक्यं. ‘सदर उमेदवार विवाहित असून त्यांना अपत्ये आहेत. तरी ते या प्रवर्गातील असल्याचा पुरावा सादर करण्यास सांगावे.’

आमच्या छाननी समितीत तिघे. त्यातल्या एका ज्येष्ठ सरांनी अगदी सरळ मनाने विचारलं, "इतर राखीव जागांना दाखला लागतोच की. इथे मागितला तर काय चुकलं?"

दाखला देणार कोण, हा पहिला प्रश्न. डॉक्टर देऊ शकत नाही, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या वर्गीकरणातून काढून टाकली. पुढच्या, म्हणजे अकराव्या आवृत्तीत पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असणंही मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर आलं. सरकारी कागद फार तर लिंगाची नोंद सांगतो, आकर्षणाची नाही. आणि लग्नाचं म्हणाल, तर उभयलिंगी, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांचंही आकर्षण असलेला, माणूस लग्न केल्यावर उभयलिंगी राहत नाही असं थोडंच आहे? कित्येकांनी घरच्यांच्या दबावाखाली लग्न केलेलं असतं. उरतो तो ‘पुरावा’ एकच: खाजगी आयुष्याची उलटतपासणी. ती करायचा अधिकार कुठल्याही छाननी समितीला असता कामा नये.

म्हणून आमच्या पोटनियमात स्वघोषणा ठेवली आहे. ‘मी या राखीव जागेसाठी पात्र आहे’ एवढं एकच वाक्य आणि खाली सही. समलिंगी, उभयलिंगी, पारलिंगी यातलं नेमकं काय, ते विचारायचं नाही. तसा रकानाच नाही. हा कागद मुख्य अर्जाला टाचायचा नाही. तो वेगळ्या पाकिटात, दोघांच्याच ताब्यात राहतो आणि तक्रारीची मुदत संपली की फाडून टाकायचा. पहिल्या मसुद्यात सूचक आणि अनुमोदकही याच प्रवर्गातले हवेत अशी अट होती. ती वेळीच काढली. नाहीतर एका उमेदवाराला उभं राहण्यासाठी आणखी दोघांना उघड व्हावं लागलं असतं.

अडचण वेगळीच निघाली. आम्ही राखीव जागेचं कलम नवं घातलं, पण हरकतींचं जुनं कलम तसंच राहिलं. त्यात लिहिलं होतं, ‘कोणत्याही उमेदवाराच्या पात्रतेबाबत कोणत्याही कारणास्तव हरकत घेता येईल.’ एका कलमात स्वघोषणा अंतिम, दुसऱ्यात कशावरही हरकत. घटनादुरुस्तीत ही चूक नेहमी होते. नवं कलम लिहिताना सगळे जीव ओततात, मात्र जुन्या घटनेत ‘पात्रता’ हा शब्द जिथे जिथे येतो ती प्रत्येक जागा शोधायची राहून जाते. आमच्या घटनेत तो अकरा ठिकाणी आहे.

दुपारी राखीव जागेच्या दुसऱ्या उमेदवार स्वतः आल्या. हरकत मान्य झाली असती तर त्या बिनविरोध निवडून आल्या असत्या. त्यांनी लेखी म्हणणं दिलं: ही हरकत फेटाळावी. कारण तोंडी सांगितलं. "आज त्यांच्याकडे पुरावा मागितलात, तर उद्या माझ्याकडे मागाल. आणि पुढच्या वेळी या जागेला कोणी अर्जच भरणार नाही."

त्यांचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण राखीव जागा रिकामी राहिली तर तिचं काय होतं, यावर सगळं अवलंबून असतं. बऱ्याच मसुद्यांत ‘अर्ज न आल्यास जागा सर्वसाधारण समजावी’ असं सहज लिहून टाकतात. तसं लिहिलं की उमेदवारांना घाबरवण्यात कोणाचा तरी फायदा तयार होतो. आमच्याकडे जागा रिकामीच राहते आणि ९० दिवसांत पुन्हा अर्ज मागवावे लागतात.

निर्णय अर्ध्या पानाचा लिहिला. विशेष तरतूद सर्वसाधारण तरतुदीवर वरचढ ठरते, स्वघोषणा विहित नमुन्यात आहे, हरकत फेटाळली. निर्णयाची प्रत फलकावर लागते, म्हणून हरकतीत काय लिहिलं होतं ते त्यात मुद्दाम उतरवलं नाही. ‘विवाहित’ हा शब्द एकदा फलकावर गेला असता, तर हरकत फेटाळूनही तिने तिचं काम केलंच असतं.

हे चालू असताना तीनच्या सुमाराला माझा टेबलावर ठेवलेला फोन उजळला. ऑनलाइन मतदानाचा चाचणी संदेश आला होता. फोन लॉक होता, तरी पडद्यावर ठळक ओळ दिसत होती: ‘एलजीबीटीक्यू राखीव जागा : तुमची मतपत्रिका’. समोर बसलेल्या सरांनी ती उलट्या बाजूने वाचली. हाच संदेश खऱ्या मतदारांना शिक्षक खोलीत, मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत आला असता. शिवाय निम्म्याहून जास्त पत्ते शाळेच्या ईमेलचे होते, आणि शाळेचा ईमेल हा शाळेचाच असतो. त्याची चावी व्यवस्थापनाकडे.

आमच्याकडे या जागेसाठी प्रवर्गातले सभासदच मत देतात. सगळ्या सभासदांनी मत द्यायचं ठरवलं तर यादी करावी लागत नाही, पण मग बहुमताला सोयीचा माणूस निवडून येतो. प्रवर्गापुरतं मतदान ठेवलं तर प्रतिनिधी खरा मिळतो, पण नावांची यादी तयार होते, आणि ती यादीच सगळ्यात धोक्याची. युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात, जो २०१८ पासून लागू आहे, नवव्या कलमात विशेष जपायच्या माहितीची जंत्री आहे. तिच्यात कामगार संघटनेचं सभासदत्व आहे आणि लैंगिक कलही आहे. आमच्या यादीच्या एकेका ओळीत दोन्ही एकत्र!

पाठवणी थांबवली. आता प्रत्येक सभासदाला एकच शीर्षक जातं, ‘कार्यकारिणी निवडणूक : तुमची मतपत्रिका’, तेही खाजगी पत्त्यावर. फरक दिसतो तो दुवा उघडून ओळख पटवल्यावरच. टपालाने मत देणाऱ्यांचंही तसंच. राखीव जागेची मतपत्रिका जास्तीची असल्याने प्रवर्गातल्या मतदारांचं पाकीट जाड होत होतं. म्हणून सगळ्यांच्या पाकिटात दोन कागद घालायचं ठरलं. दुसरा कागद काहींना मतपत्रिका, बाकीच्यांना सूचनापत्रक. आकार, रंग, घडी एकच. निकालही शाखावार द्यायचा नाही. एखाद्या शाखेत चारच मतदार असतील आणि चारही मतं एकाला पडली, तर चौघांचं मत जाहीर झालंच.

ज्येष्ठ सरांनी जाताना विचारलं, "एवढी लपवाछपवी शिक्षकांनाच का?" कारण मुलांचं नाव पुढे करून सगळ्यात आधी शिक्षकाच्या नोकरीवर घाव घातला जातो. १९७८ साली कॅलिफोर्नियात सहाव्या क्रमांकाचा प्रस्ताव मतदानाला आला होता, समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढता यावं म्हणून. तो पडला. ब्रिटनमध्ये १९८८ साली आलेलं कलम २८ तर स्थानिक प्राधिकरणांसाठी होतं, तरी त्याच्या धास्तीने शिक्षक वर्षानुवर्षं गप्प राहिले. इंग्लंड-वेल्समध्ये ते २००३ पर्यंत टिकलं. हे दिवस पाहिलेल्या माणसांना ‘उघड व्हा, मग जागा देतो’ असं सांगता येत नाही.

यादी फलकावर लावण्याआधी दोन्ही उमेदवारांना फोन केला. नाव लागलं की शाळेलाही कळेल, आणि आत्ता कारण न देता माघार घेता येईल, हे स्पष्ट सांगितलं. दोघांनीही नाव ठेवायला सांगितलं. पाच वाजता यादी लागली.

रात्री पुढच्या सभेसाठी दुरुस्तीचा मसुदा लिहिला. २१ दिवसांची नोटीस आणि दोन तृतीयांश मतं लागतील. हरकतींच्या कलमात ‘कोणत्याही कारणास्तव’ हे शब्द वगळून तिथे चार कारणं: सभासदत्व, थकबाकी, सह्या, मुदत. आणि खाली एक ओळ: ‘स्वघोषणेच्या सत्यतेबाबत हरकत दाखल करून घेतली जाणार नाही.’