श्रावणातली सुकती

१९७१चा जुलै संपत आला होता. पलाशीजवळ भागीरथीच्या काठी आमचा गुप्त तळ होता. पाकिस्तानी फौजेशी लढायला पूर्व बंगालमधून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, आलेल्या पोरांना भारतीय नौदल तिथे पाणसुरुंग लावायला शिकवत होतं. बहुतेक विद्यार्थी, काही शेतकऱ्यांची मुलं. पोटाला गमछाने विटा बांधून तासन्‌तास पोहायचं, उताणं, फक्त नाकतोंड पाण्याबाहेर. पुढे विटांच्या जागी पाच किलोंचा सुरुंग येणार होता. जहाजाच्या बुडाचं शेवाळ सुरीने खरवडायचं आणि सुरुंग लोहचुंबकाने चिकटवायचा. सगळ्याची सूत्रं कमांडर सामंतांकडे होती.

त्या दुपारी मी वाळूत नदी आखली. नदीचं नाव सांगायची परवानगी नव्हती. भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून मी वेळ काढली होती: भरती संपताना पाण्यात उतरा, सुरुंग लावा, सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की तिच्याबरोबर खाली निघा. मागे बसलेला बारिसालचा एक मुलगा उठला. अठराचाही नसेल. म्हणाला, "सर, या दिवसांत पाणी असं चालत नाही."

वरून पुराचं पाणी येतं तेव्हा सुकती लांबते, भरती उशिरा लागते आणि लवकर दमते. त्यातही काठाचं पाणी आधी फिरतं, मधल्या धारेचं नंतर. माझ्या वेळेला मधे असलेला पोहणारा भलतीकडेच वाहून गेला असता. हे सगळं त्याने काडीने माझ्याच नदीत काढून दाखवलं.

मी मालवणकडचा. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. पावसात खाडीची सुकती लांबते, हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तरी छापील तक्ता हातात आला आणि ते सगळं बाजूला पडलं. त्या दिवसाची ती बोच अजून गेलेली नाही, कारण चूक माझी होती आणि पाण्यात जाणार होती ही पोरं. रात्री बसून आम्ही वेळा नव्याने मांडल्या. तो मुलगा शेजारी होता.

आकाशवाणीच्या कलकत्ता केंद्रावर इशारा म्हणून ठरलेली गाणी लागली. १५ ऑगस्टच्या मध्यरात्री चट्टग्राम (चितगाव), मोंगला, चांदपूर, नारायणगंज, चारही बंदरांत पोरं पाण्यात उतरली. चट्टग्रामला 'अल अब्बास' आणि 'होर्मुझ' ही जहाजं बुडाली. भांगाचे, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस होते, पाण्याला ओढ कमी. त्याचा मला फार आधार वाटला.

पुढे गस्ती नौकेवर नेमणूक झाली. नव्या खाडीत शिरताना मी आधी किनाऱ्यावर जायचो, जाळी विणत बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याशेजारी बसायचो आणि मगच नकाशा उघडायचो. कनिष्ठ अधिकाऱ्यांना हा वेळकाढूपणा वाटे. मी त्यांनाही शेजारी बसवायचो.

बारिसालचा तो पोरगा ऑगस्टच्या शेवटी परत आला. पायाला जखम, अंगात ताप. मला पाहून पहिलं वाक्य बोलला ते असं, "सर, पाणी आपण धरलं होतं त्याहूनही उशिरा फिरलं. मी खांबाला धरून थांबलो."