मंडळाच्या खोलीतली धान्य बँक : माझा अनुभव

परळच्या आमच्या चाळीत २०२० च्या टाळेबंदीत जे सुरू झालं, त्याला बँक म्हणावं असं काही नव्हतं. गणेशोत्सव मंडळाची दहा बाय बाराची खोली, तांदळाची पोती आणि बाहेर रांग. गिरणगावाला हे नवीन नाही. १९८२ च्या गिरणी संपात गावाकडून आलेल्या धान्यावर कितीतरी घरांनी दिवस काढले. पण एकदाचं वाटप वेगळं आणि दर महिन्याला खोली चालवणं वेगळं. त्याची वही मी सांभाळते, म्हणून हा हिशेब.

पहिलं किट सपशेल चुकलं : तांदूळ ५ किलो, गहू ५ किलो, तूरडाळ १ किलो. अन्नसुरक्षा यादीत नाव असेल तर रेशनवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय म्हणजे सगळ्यात गरीब घरांच्या कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकटच आहे. अडत होतं ते वरण आणि फोडणी. आता चौघांच्या घराला तूरडाळ ३ किलो, मूग किंवा मटकी १ किलो, तेल २ लिटर, साखर १ किलो, चहापावडर पाव किलो, मीठ, हळद, तिखट. तांदूळ फक्त कार्ड नसलेल्या भाडेकरूंना. गहू बंदच केले, कारण दळणाचे पैसे वर पडतात. कार्ड नसलेल्यांना पीठ देतो, पण पावसाळ्यात ते पंधरा दिवसांच्या वर खोलीत ठेवत नाही. जाळी धरतं, कडवट लागतं.

पैशापेक्षा जास्त त्रास दिला तो ओलीने. पोतं भिंतीला टेकलं की आठवड्यात खालचा थर कुबट. म्हणून लाकडी फळ्या, जमिनीपासून सहा इंच वर, भिंतीपासून फूटभर लांब. तांदळात टोके, मुगात भुंगे होतातच, त्यामुळे मे महिन्यात सगळं गच्चीवर ऊन देऊन झाकणाच्या पिंपात भरतो. ऊन दिलेलं धान्य रात्रभर गार होऊ द्यायचं. गरम भरलं की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचाच थर बुरसतो. कडुनिंबाचा पाला टाकायचा तर खडखडीत वाळलेला. आणि धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या राहत्या इमारतीत कधीही नाहीत : हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो, तो शेजारच्या खोलीत झोपलेल्यालाही मारू शकतो. याबाबत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

वहीत सुरुवातीला फक्त आलं-गेलं लिहायचो. देणारे बहुधा मुदत संपत आलेली पाकिटं देतात, म्हणून ‘आधी आलं ते आधी द्या’ हा नियम फसतो. मुदत आधी संपणारं आधी जायला हवं. आता पाकिटावरची शेवटची तारीख पहिल्या रकान्यात, आलेली तारीख दुसऱ्या. मुदत उलटलेलं वाटत नाही, देणारा कितीही ओळखीचा असो.

लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं जेवण वाटायला घ्यायचं असेल तर २०१९ चे उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे नियम लागतात आणि एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. साध्या नोंदणीचं शुल्क वर्षाला १०० रुपये होतं. आमचा अर्ज एकदा परत आला. चूक आमचीच, खोलीचा पत्त्याचा पुरावा आणि मालकाचं ना-हरकत पत्र जोडलंच नव्हतं. कागद झाले, पण घड्याळ जमेना. गरम अन्न ६० अंशांच्या वर किंवा गार ५ च्या खाली राहायला हवं, आणि हॉलवाल्यांचा फोन रात्री अकरानंतर, भात तोवर तीन तास उघडा. अशा भातात जे विष तयार होतं ते पुन्हा गरम करून जात नाही. त्यामुळे आता शिजवल्याची वेळ लिहून देणाऱ्यांचंच घेतो, तेही दुपारचं. खोबऱ्याची चटणी, पनीर, खीर नाही.

राहिली जागा. श्रावण संपत आला की मंडळाला खोली रिकामी लागते, नेमकी धान्य हलवायला सगळ्यात वाईट वेळ. म्हणून जूनमध्ये मोठी खरेदी करत नाही. श्रावणात दोन महिन्यांची किटं एकदम देतो आणि मंडपाचे बांबू उतरायच्या आत पिंपं पालथी करून गच्चीच्या जिन्याखाली नेतो.